दोन बैलांची गोष्ट सांगणाऱ्या ॲडमिरल ग्रेस हॉपर



बँकेत पैसे काढावयास जावे, रांगेत अर्धा तास उभे राहावे आणि खिडकीपाशी पोहोचताच आतल्या मुलीने हसून सांगावे की कॉम्प्युटर बंद आहे, उद्या या. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी घेतलाच असेल. पूर्वी दुकानात जाड खातेवही असे. एक लेखणी मोडली तर दुसरी घेऊन काम पुढे चालत असे. आता सारा हिशेब यंत्राच्या पोटात गेला आहे. ते यंत्र एकच असले आणि तेच आजारी पडले, तर त्याच्याबरोबर सारे कार्यालय अंथरुणाला खिळते.

यावर शहाण्या लोकांनी एक उपाय काढला आहे. सगळे ओझे एका यंत्राच्या पाठीवर न टाकता तीन-चार यंत्रे एकत्र जुंपावयाची. एक बसले तर बाकीच्यांनी गाडा ओढावयाचा. अशा संघाला संगणकाच्या भाषेत क्लस्टर म्हणतात आणि त्यातील प्रत्येक यंत्राला सर्व्हर. हा विचार लोकांच्या गळी उतरविण्यासाठी एक वृद्ध बाई आरमाराचा गणवेश घालून गावोगाव व्याख्याने देत फिरत असत. त्यांचे नाव ग्रेस हॉपर. क्लस्टर हा काही त्यांचा शोध नव्हे, ते अनेकांच्या श्रमाचे फळ आहे. परंतु तो कशासाठी हवा हे साध्या माणसाला त्यांच्याइतके सोपे करून फार थोड्यांनी सांगितले असेल. या बाईंचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. माहेरचे आडनाव मरी. वडील विम्याचा व्यवसाय करीत, आणि तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. लहानपणी घड्याळ आतून कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी गजराचे घड्याळ खोलले. ते पुन्हा जुळेना म्हणून दुसरे खोलले, मग तिसरे, आणि असे करता करता घरातील सात घड्याळांचे सुटे भाग जमिनीवर पसरले. आईने रागावून मुलीचा नाद तोडला नाही. फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावा, अशी सोय लावून दिली. वडिलांचे पाय आजारपणामुळे कापावे लागले होते. आपल्यामागे कोणीही अपत्य, मुलगा असो की मुलगी, परावलंबी राहू नये या विचाराने त्यांनी मुलींनाही मुलाइतकेच शिकविले.

१९२८ मध्ये त्या व्हॅसार कॉलेजातून गणित व भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविली, आणि त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला. १९३४ मध्ये येलनेच त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. व्हॅसारमध्ये त्या गणित शिकवू लागल्या. इथेच त्यांचे आयुष्य सुखाने सरले असते. पण दुसरे महायुद्ध पेटले, आणि बाईंनी आरमारात जाण्याचे मनावर घेतले.

आरमाराच्या दृष्टीने त्यांचे वय अधिक होते आणि वजन कमी. ठरलेल्या मापापेक्षा पंधरा पौंडांनी त्या हलक्या भरल्या. तरीही खास परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या स्त्रियांच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली झाली. तेथे मार्क वन नावाचे अजस्र गणकयंत्र होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे पाच टन आणि भाग साडेसात लाखांच्या वर. एवढे असून ते सेकंदाला तीन बेरजा करी! आज आपल्या खिशातील टेलिफोन त्याच्या कोट्यवधी पट वेगवान आहे. परंतु त्या काळी ते नवल होते, आणि युद्धाच्या कामासाठी ते रात्रंदिवस चालविले जाई.

या यंत्राच्या सहवासात हॉपरबाईंनी संगणकाचे सामर्थ्य पाहिले, तशी त्याची दुबळी बाजूही पाहिली. एक स्विच अडकला की सारे काम थांबे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमधीलच मार्क टू या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकून पडलेला सापडला. तेथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवून ठेवला. ती वही आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेविली आहे. यंत्रातील बिघाडाला कीटकाचे नाव देण्याची रीत त्याआधीपासूनच होती, पण ही हकीकत हॉपरबाई पुढे जन्मभर रंगवून सांगत. आम्हाला त्या पतंगात आणखी एक गोष्ट दिसते. बोटाच्या पेराएवढा जीव टनावारी वजनाच्या यंत्राला थांबवू शकतो. जेथे सगळे एकावर अवलंबून, तेथे एका पतंगाचीही धास्ती.

याच वर्षांत बाईंच्या स्वतःच्या आयुष्यातही पडझड झाली. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. युद्ध संपल्यावर आरमाराच्या कायम सेवेत जाण्याचा अर्ज वय झाले म्हणून नामंजूर झाला. हार्वर्डमध्ये पुढची वाट दिसेना. मनावरील ताणामुळे त्या मद्याच्या आहारी गेल्या. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथे नव्या कंपनीत रुजू झाल्या, पण त्याच वर्षाच्या अखेरीस नशेच्या अवस्थेत पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. थोरांच्या चरित्रातील असे पान झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही ते झाकीत नाही, कारण ज्यांच्या घरात हे दुःख आहे त्यांना या पानाचा आधार वाटेल. त्यांच्या एका मित्राने स्पष्ट शब्दांत पत्र लिहून त्यांना सावध केले. सहकाऱ्यांनी त्यांना टाकले नाही. बाई सावरल्या, आणि त्यांचे सर्वात मोठे काम यानंतरचे आहे.

फिलाडेल्फियाची ती कंपनी एकर्ट आणि मॉक्ली यांची होती, आणि तेथे व्यापारी उपयोगासाठी युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. त्या काळी यंत्राला काम सांगावयाचे म्हणजे आकड्यांच्या लांबच लांब ओळी लिहाव्या लागत. एक आकडा चुकला की सारे फुकट. हॉपरबाईंनी विचार केला की हे रटाळ काम यंत्रालाच का सांगू नये? १९५२ पर्यंत त्यांनी ए-झिरो नावाची कार्यपद्धती चालवून दाखविली. तयार असलेले छोटे छोटे भाग यंत्र स्वतःच शोधून, जुळवून, त्यांतून पूर्ण आज्ञावली बनवी. याला कंपायलर असे नाव पडले. पुष्कळांचा यावर विश्वासच बसेना. यंत्र फक्त गणित करते, आज्ञावली लिहीत नाही, असे विद्वान म्हणत राहिले. पुढे बाईंनी फ्लोमॅटिक नावाची भाषा आणली. तीत रोजच्या इंग्रजी शब्दांनी यंत्राला हिशेब सांगता येत असे. १९५९ मध्ये सरकार व कंपन्या यांनी एकत्र बसून व्यापारासाठी कोबोल ही समाईक भाषा आखली, तिचा पाया मोठ्या प्रमाणात फ्लोमॅटिकचाच होता.

वाचक विचारतील, याचा क्लस्टरशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. समजा, चार गावांतून चार बैल आणले. एकाला एक हाळी समजते, दुसऱ्याला दुसरी. अशांना एका जुवाखाली कसे जुंपणार? आधी सर्वांना एकच हाळी समजली पाहिजे. त्या काळी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपलीच बोली बोले, आणि यंत्र बदलले की कार्यालयाने आपले सारे हिशेब नव्याने लिहून काढावयाचे. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच आज्ञावली युनिव्हॅक आणि आरसीए या दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. काम यंत्राला बांधलेले नसून एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते, हे त्या दिवशी व्यापाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

१९६६ च्या अखेरीस वयाच्या साठाव्या वर्षी आरमाराने त्यांना निवृत्त केले. ही गोष्ट बाईंच्या मनाला फार लागली. परंतु आरमाराच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत कोबोलच्या निरनिराळ्या बोली माजल्या होत्या. पगाराचे हिशेबही नीट लागेनात. १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांना परत बोलाविले, आणि ते सहा महिने सुमारे एकोणीस वर्षे चालले! मध्ये १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती झाली आणि १९७२ मध्ये पुन्हा बोलावणे आले. कोणत्या कंपनीचा कंपायलर ठरलेल्या नियमांप्रमाणे चालतो याची कसोटी घेणाऱ्या आज्ञावल्या त्यांच्या गटाने तयार केल्या. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता माल तपासून घेणे हा त्यांचा बाणा होता.

याच काळात त्यांची व्याख्याने गाजू लागली. त्या तारेचे तुकडे खिशातून काढून श्रोत्यांना वाटीत. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटर लांब. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात वीज फार तर एवढीच धाव घेते, हे त्या हातात तुकडा ठेवून समजावीत. मायक्रोसेकंद समजविण्यासाठी सुमारे ३०० मीटर तारेचे वेटोळे दाखवीत. त्यांच्या कचेरीत भिंतीवर उलटे फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच चालत आले आहे, असे म्हणणाऱ्यांना ते मुकाट उत्तर होते.

आणि त्या बैलांची गोष्ट सांगत. जुन्या काळी लोक बैलांकडून लाकडाचे ओंडके ओढून घेत. एका बैलाला ओंडका हलेना, तर कोणी त्याहून धिप्पाड बैल वाढवीत बसत नसे. शेजारी दुसरा बैल जुंपीत. मग आपणच आणखी मोठा, आणखी महाग संगणक का मागतो? अनेक लहान संगणक एकमेकांना जोडून, त्या सर्वांना समाईक माहिती पाहता येईल अशी व्यवस्था का करीत नाही? आरमारातील मोठ्या मध्यवर्ती यंत्रांच्या जागी लहान यंत्रांची जाळी यावी, असा आग्रह त्या सत्तरच्या दशकापासून धरीत होत्या.

आम्हाला ही गोष्ट वाचताना परकी वाटली नाही. आपले पणजोबा कोकणातून आणि देशावरून या बेटावर आले. देशावर जड काळ्या जमिनीत नांगराला दोन बैल पुरेनात तर चार, सहा, आठ बैल जुंपीत. इथे बेटावरही ऊस बैलगाडीतून कारखान्यावर जात असे, हे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. बैल जुंपणे सोपे नसते, हेही त्यांना ठाऊक होते. जोडी जमावी लागते.

यंत्रांची जोडी कशी जमवावी, याचे एक मोठे उत्तर अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टरने दिले. त्यात सोळापर्यंत संगणक व साठवणयंत्रे एका मध्यवर्ती जोडणीने सेकंदाला सात कोटी बिट वेगाने बोलत. माहितीच्या तबकड्या कोणा एका संगणकाच्या मालकीच्या नसत, त्या सर्वांना समाईक असत. एकाच खात्यावर दोघांनी एकाच क्षणी लिहू नये म्हणून कुलपाची व्यवस्था होती. ज्याच्या हाती कुलूप त्याने लिहावे, बाकीच्यांनी थांबावे. १९८६ मध्ये आरमारातून शेवटची निवृत्ती झाल्यावर हॉपरबाई याच कंपनीत सल्लागार म्हणून गेल्या, तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत आल्या होत्या!

पुढे ही विद्या स्वस्त झाली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेत थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक जोडून बेओवुल्फ नावाचा क्लस्टर उभा केला. मोठ्या यंत्राचे काम कमी पैशांत होऊ लागले.

आता एखाद्या मध्यम व्यापारी कचेरीचे उदाहरण घेऊ. पगारासाठी एक सर्व्हर, हिशेबासाठी दुसरा, पत्रव्यवहारासाठी तिसरा, मालाच्या नोंदीसाठी चौथा, अशी यंत्रे वर्षांवर्षांत जमा होतात. बहुतेक वेळ ती रिकामी बसतात. तरी वीज खातात, थंड हवा मागतात, आणि त्यांतील एक बंद पडले की ते खाते बंद. आज तीन-चार सशक्त यंत्रांचा क्लस्टर करून त्यावर ही सारी कामे आभासी यंत्रांच्या रूपाने ठेविली जातात. एका घरात अनेक बिऱ्हाडे राहावीत तसे. एक घर पडले तर त्यातील बिऱ्हाडे शेजारच्या घरांत काही मिनिटांत पुन्हा थाटली जातात.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, यंत्रे एकमेकांना सतत हाक देत असतात. हाक येईनाशी झाली की ते यंत्र गेले असे बाकीची समजतात. पण यंत्र जिवंत असून मधली तारच तुटली तर? मग दोन्ही बाजू स्वतःला मालक समजून वेगवेगळे हिशेब लिहू लागतील. म्हणून बहुमताचा नियम असतो. पाचांपैकी तीन जेथे, कारभार तेथे. दोनच यंत्रे असतील तर निवाड्यासाठी तिसरा साक्षीदार ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट साध्या गणिताची. दोन यंत्रे प्रत्येकी ऐंशी टक्के काम करीत असतील, तर एक पडताच दुसऱ्यावर एकशे साठ टक्के ओझे येईल आणि तेही बसेल. म्हणून दोघांत प्रत्येकाने पन्नास टक्क्यांपेक्षा अधिक उचलू नये. चौघांत पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत चालेल, कारण एकाचे ओझे तिघांत वाटले जाते. काटकसरीच्या नादात ही मोकळी जागा भरून टाकणारा मालक क्लस्टरचे पैसे देऊनही क्लस्टर विकत घेत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. सर्व बैल एकाच गोठ्यात बांधले आणि गोठाच वाहून गेला तर काय उपयोग? १९७५ चे जर्व्हेज वादळ आपल्या मोठ्या माणसांना आठवते, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर पाणी कसे वाहिले ते तरुणांनीही पाहिले. म्हणून माहितीची एक प्रत दूर, उंच जागी हवी. येथे बाईंची तार पुन्हा उपयोगी पडते. काचेच्या तारेतून संदेशाला एका किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. बेटातल्या बेटात दोन ठिकाणी ताळमेळ ठेवता येतो, पण समुद्रापार हजारो किलोमीटरवरची प्रत थोडी मागेच राहणार, हे जाणून बेत आखावा. आणि कोणी चुकीने हिशेब पुसला, तर क्लस्टर तो इमानाने सगळीकडेच पुसतो. त्यासाठी वेगळी, रोजची जतन केलेली प्रत ठेवलीच पाहिजे.

असो. पुन्हा चरित्राकडे वळू. मार्च १९८३ मध्ये अमेरिकन टेलिव्हिजनवर हॉपरबाईंची मुलाखत झाली. ती पाहून लोकप्रतिनिधींनी त्यांच्या बढतीसाठी खटपट केली, आणि डिसेंबर १९८३ मध्ये त्या कमोडोर झाल्या. १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलून रिअर ॲडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन बंदरात कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. सक्रिय सेवेतील सर्वात वयोवृद्ध अधिकारी म्हणून त्या बाहेर पडल्या. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला.

१९९६ मध्ये आरमाराच्या एका युद्धनौकेचे जलावतरण त्यांच्या नावाने झाले. २०१६ मध्ये अमेरिकेचा प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रीय संगणन केंद्राने आपल्या महासंगणकाला हॉपर हे नाव दिले. त्यात दीड लाखाहून अधिक गणनकेंद्रे एकत्र जुंपली होती. दोन बैलांची गोष्ट सांगणाऱ्या बाईंना याहून शोभणारे स्मारक आम्हाला तरी सुचत नाही.

वाचकहो, या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? आपल्या घरातील अनेक मुलेमुली आज एबेनच्या कचेऱ्यांत संगणकावर काम करतात. त्यांना आम्ही इतकेच सांगू की मालकाने आणखी मोठे यंत्र मागितले तर आधी विचारावे, हे यंत्र बसले तर गाडा कोण ओढील? हाच प्रश्न आपल्या दुकानाला, आपल्या मंडळाला आणि आपल्या घरालाही विचारून पाहावा. जेथे सारे ओझे एकाच्याच खांद्यावर आहे, तेथे दुसरा खांदा आजच शोधावा. वादळ यायच्या आधी.